ब्याऐंशी टक्के बापू

थिन फिल्मवर पीएचडी करणारा माणूस लांबूनच ओळखू येतो. उजव्या हाताची चिमूट रिकामी असतानाही मिटलेली असते, कारण दिवसभर तिच्यात काचेची पट्टी असते. अंगाला अमोनियाचा वास येतो. कुणाच्या घरात पाऊल टाकलं की तो आधी हवेकडं बघतो, मग माणसांकडं. कोल्हापूर, पुणे, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही फिजिक्स डिपार्टमेंटात डोकावा, यातला एखादा तरी भेटेलच. कारण उघड आहे. पोकळी करून तीत फिल्म बनवणारी यंत्रं फार महाग. बीकर, हॉटप्लेट, काच आणि चिकाटी मात्र परवडतात. यातल्या पहिल्या तीन वस्तू डिपार्टमेंट देतं, चौथी खेड्यातून येते.

आमच्या वरच्या खोलीत ही चौथी वस्तू घेऊन बापू राहायला आला.

बापूचा विषय आर्द्रतेचा सेन्सर. म्हणजे काचेवर झिंक ऑक्साइडचा एक पातळ थर चढवायचा, हवेतल्या बाष्पानं त्याचा विजेला होणारा विरोध किती कमी होतो ते मोजायचं, आणि त्यावरून हवा किती दमट हे सांगायचं. गडी गगनबावड्याकडचा. तिथं जूनमध्ये दोरीवर टाकलेली चादर घटस्थापनेपर्यंत वाळत नाही. कपडे चुलीवरच्या दांडीला टांगून धुरावर सुकवायचे, त्यामुळं शाळेत अख्ख्या वर्गाला एकच वास. अशा गावातल्या पोरानं हवेतली ओल मोजायला पाच वर्षं घालवावीत, हे त्याच्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. ‘वाळलं का न्हाई ते हात लावला की कळतंय की,’ असं तिचं म्हणणं. बापू म्हणायचा, ‘आई, हात आकडा देत न्हाई.’

आकडा हा बापूचा प्राण. सकाळी जिन्यात भेटला की नमस्काराच्या जागी आकडा.

‘बापू, चहा घेणार का?’ आमची ही विचारायची.

‘आज ब्याऐंशी हाय, काकी.’

‘अरे, चहा?’

‘सत्तरच्या वर असलं की बिस्किटं मऊ पडत्यात. नुसता चहा द्या.’

पापड हा त्याचा दुसरा सेन्सर. भाजलेला पापड ताटात पडला की बापू तो उचलून कानाशी न्यायचा आणि मोडायचा. कडकन वाजला तर पन्नासच्या खाली, नुसता वाकला तर ऐंशीच्या वर. मग खिशातून मीटर काढून पडताळा. आकडा दोन-तीन टक्क्यांत आला की तो पापड समाधानानं खायचा, चुकला तर पापडाला दोष. ‘सोडा जास्त पडलाय ह्यात.’ पापड हिनं घरी केलेले असायचे. पुढचं सांगत नाही.

हवा दमट की कोरडी यावर बापूशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. एका जानेवारीत पन्हाळ्याला दाट धुकं बघून मी सहज म्हणालो, ‘काय दमट हवा आहे रे!’ झालं. बापू गाडी थांबवून उतरला. दहा अंशाला एक घनमीटर हवा फार तर साडेनऊ ग्रॅम पाणी धरते, तीस अंशाला तीस ग्रॅम. म्हणजे ह्या शंभर टक्क्यांच्या धुक्यापेक्षा मे महिन्यात दादरच्या फलाटावरल्या पासष्ट टक्क्यांत दुप्पट पाणी. ‘टक्के म्हंजे किती भरलंय ते, काका. भांडं केवढं हाय ते कुणी बघत न्हाई.’ मागं ट्रॅक्टर हॉर्न देत होता. ट्रॅक्टरवाल्यालाही त्यानं हे समजावून सांगितलं.

फिल्म कशी करतात ते बघायचा योग मला डबा पोचवण्याच्या निमित्तानं आला. मला वाटलं होतं, काचेची मोठी यंत्रं असतील, निळे दिवे असतील. प्रत्यक्षात ओळीनं तीन बीकर होते आणि त्यांच्यापुढं स्टुलावर बापू. पहिल्यात झिंकचं अमोनिया घातलेलं पाणी, दुसऱ्यात उकळीला आलेलं पाणी, तिसऱ्यात साधं. काचेची पट्टी पहिल्यात बुडवायची, काढायची, दुसऱ्यात बुडवायची, तिथं तिच्यावरच्या झिंकचं ऑक्साइड होतं, मग तिसऱ्यात विसळायची. हा एक फेरा. असे साठ. या पद्धतीला सिलार म्हणतात. नाव कर्नलच्या बंगल्याला शोभेल असं, काम धुणं पिळण्याचं. त्यातच आईचा फोन. फोन मान आणि खांदा यांच्यामध्ये दाबलेला.

‘हां आई, जेवलो... एकेचाळीस... म्हशीला काय झालं?... बेचाळीस... मग डॉक्टरला बोलीव की... त्रेचाळीस...’

‘काय मोजतुयास रं मघापास्नं?’

‘काय न्हाई. चव्वेचाळीस.’

आईची अशी समजूत होती की पोरगा पगार मोजतो आहे. प्रत्यक्षात त्या वर्षी फेलोशिप सात महिने आलेली नव्हती आणि आमचं भाडंही. सत्तेचाळीसच्या सुमारास म्हैस व्याली, रेडी झाली, आणि त्या आनंदात बापूचा आकडा चुकला. त्यानं पट्टी उजेडात धरून पाहिली, मग कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि नवी काच घेतली. मी म्हणालो, ‘अरे, एखादा फेरा इकडंतिकडं झाला तर काय बिघडतं?’ त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी डबा ठेवून निघालो.

साठ फेरे झाले की पट्टी भट्टीत. मग वजन. आधीचं वजन आणि नंतरचं वजन यांत फरक पडतो तीन-साडेतीन मिलिग्रॅमचा, त्यावरून थराची जाडी काढायची. ती येते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस याच्या शंभरपट तरी जाड. डोळ्याला दिसतो तो फक्त काचेवरचा पांढुरका धूसरपणा. आमच्या हिनं एकदा असलीच एक पट्टी टेबलावर दिसली म्हणून पदरानं स्वच्छ पुसून ठेवली. बापू रडला नाही. नुसता गच्चीत जाऊन उभा राहिला, आणि थोड्या वेळानं वरूनच ओरडला, ‘काकी, चौऱ्याहत्तर हाय!’ तेव्हा कुठं आमच्या जिवात जीव आला.

या धूसरपणाच्या आत काय आहे ते बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. त्यासाठी नंबर लावायचा, दर नमुन्याला पैसे भरायचे, आणि वाट बघायची. फोटो आले त्या दिवशी बापूची आई गावाहून आली होती. लाखभर पटीनं मोठे केलेले ते करडे फोटो बापूनं लॅपटॉपवर लावले. अंगावर शहारा यावा अशी चित्रं. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, ‘ह्यो तर फ्लावर!’

बापू चमकला. त्याच्या प्रबंधात त्यानं तेच लिहिलं होतं, ‘कॉलीफ्लॉवरसारखी रचना’. जगभरातले थिन फिल्मवाले आपल्या चित्रांना भाजी मंडईतलीच नावं देतात. कुणाची फुलं, कुणाचं गवत, कुणाच्या काड्या. पुढचा फोटो बघून आई म्हणाली, ‘ही गवार. जून झालीया.’ ते नॅनोरॉड्स होते आणि खरोखरच वाजवीपेक्षा जाड झाले होते. भट्टी जास्त तापली होती. तिसऱ्या फोटोपाशी ती थबकली. ‘ह्याला कीड लागलीया. भोकं बघ किती.’ बापूच्या चेहऱ्यावर चांदणं पसरलं. तीच भोकं त्याला हवी होती. हवा शंभर टक्के भरण्याच्या कितीतरी आधी असल्या काही नॅनोमीटरच्या भोकांत बाष्पाचं पाणी होतं. सपाट काचेला दव दिसायच्या आत भोकाळ फिल्मला ते लागलेलं असतं. सगळी नॅनोगिरी एवढ्यासाठी.

पण पाण्यातून वीज जाते कशी? बापूनं ते मला शेजारच्या बंगल्याचा स्लॅब पडत असताना समजावलं, आणि खरं सांगायचं तर एवढं चांगलं मला कुणी काहीच समजावलेलं नाही. कामगार शिडीवर ओळीनं उभे होते आणि काँक्रीटची घमेली हातोहात वर चालली होती. ‘बघा काका, माणूस जागचा हलत न्हाई, पण माल वर पोचतोय. पाण्याचे रेणू असेच उभे असतात. प्रोटॉन ह्याच्याकडून त्याच्याकडं, त्याच्याकडून पुढं.’ ग्रोटहूस नावाच्या माणसानं 1806 साली हे मांडलं, तेव्हा पाण्याचं नेमकं सूत्रसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यात खालचे रेणू मात्र ऑक्साइडला असे चिकटतात की उठत नाहीत. त्यांना उठवायचं तर चारशे अंशांच्या भट्टीतच घालावं लागतं. वर दुसरा, तिसरा थर आला की मग ओळ लागते, घमेली पळायला लागतात आणि विरोध धाडकन खाली येतो. बापूच्या फिल्मचा शंभर मेगाओहमवरून शंभर किलोओहमवर येत असे. ‘तीन ऑर्डर,’ तो म्हणायचा. हे दोन शब्द म्हणताना बापू देखणा दिसत असे.

सेन्सर झाला की त्याला शिकवावा लागतो, आणि तो शिकतो बरणीत. बंद बरणीच्या तळाशी एखाद्या क्षाराचं विरघळता विरघळेना इतकं दाट पाणी ठेवलं की वरच्या हवेतली आर्द्रता ठरलेल्या आकड्यावर येऊन बसते. लिथियम क्लोराइड अकरा टक्के, मॅग्नेशियम क्लोराइड तेहतीस, आपलं साधं मीठ पंच्याहत्तर, पोटॅशियम सल्फेट सत्त्याण्णव. आमच्या गच्चीवरच्या खोलीत लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांची ओळ लागली. बरण्यांवर चिठ्ठ्या होत्या, पण आकड्यांच्या. ‘75’ ही बरणी आणि तिच्याशेजारची मिठाची बाटली हिनं एका संध्याकाळी खाली आणली, कारण घरातलं मीठ संपलं होतं. प्रयोगशाळेत वापरतात ते शुद्ध मीठ, बाटलीची किंमत बघून आमच्या किराणावाल्यानं हात जोडले असते. त्या रात्री आमची आमटी साडेनव्व्याण्णव टक्के शुद्ध होती. बापूनं दोन वाट्या घेतल्या आणि काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बाटली उचलून बघितली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. पण हिला त्यानं फक्त इतकंच सांगितलं, ‘आयोडीन नसतंय त्यात, काकी. गलगंड व्हईल.’

हिचं आणि त्याचं खरं वाजलं ते केसावरून. 1783 मध्ये जिनिव्हाच्या सोस्यूरनं केसाचा आर्द्रतामापक केला. केस कोरड्यातून ओल्यात गेला की दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो, त्याला काटा बांधायचा, की झालं यंत्र. बापूला आपल्या फिल्मची तुलना त्याच्याशी करायची होती. तो खाली आला आणि भर दिवाळीच्या पाहुण्यांत म्हणाला, ‘काकी, तुमचा एक केस देता?’ पाहुणे गप्प. ही लाजली. आमच्या घराण्यात हिच्या केसांचं कौतुक आहे. तिनं एक लांबसडक केस काढून दिला. बापूनं तो चिमटीत धरला, उजेडात बघितला, आणि म्हणाला, ‘तेल लई हाय. सोड्यात उकळावा लागेल.’ त्या वर्षी बापूला करंजी मिळाली नाही.

पण तो रुसवा कळायला बापूला आठवडा लागला. हवेतली ओल टिपणारा हा माणूस माणसांच्या बाबतीत कोरडा ठणठणीत. निदान मला तसं वाटायचं, जोवर त्यानं आम्हा सगळ्यांचे तक्ते केलेले मी पाहिले नव्हते. सेन्सरला तीन गोष्टी विचारतात. ओल आल्यावर तो किती वेळात सांगतो, ओल गेल्यावर किती वेळात मूळ जागी येतो, आणि चढताना व उतरताना एकाच आकड्याला एकच उत्तर देतो की दोन. बापूच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ‘काका: रिस्पॉन्स 2 सेकंद, रिकव्हरी 4 दिवस. काकी: रिस्पॉन्स तत्काळ, रिकव्हरी चांगली, हिस्टेरिसिस जास्त. गाईड: रिस्पॉन्स नाही.’ मी रागावलो. नंतर मोजलं तर चार दिवसांनीच बोललो होतो त्याच्याशी.

पाचव्या वर्षी त्याला बाजारानं विचारलं. गुळाचा एक व्यापारी माझ्या ओळखीचा. पावसाळ्यात गोदामात गुळाला पाणी सुटतं, ढेपा पाझरतात, कडेनं काळ्या पडतात. मी बापूला घेऊन गेलो. बापूनं भिंतीला आपली पट्टी लावली, तारा ओढल्या, लॅपटॉप ठेवला आणि दोन दिवस तिथंच बसून राहिला. आकडे सुरेख आले. मग तो घरी आला आणि आठवड्याभरात पट्टी बिघडली. गोदामातली धूळ, गुळाचे कण, उंदराची कृपा, काय काय तिच्या भोकांत बसलं देव जाणे. त्या मधल्या काळात व्यापाऱ्याच्या मुलानं ऑनलाइन मागवलेली एक निळी प्लॅस्टिकची डबी भिंतीला लावली होती. दीडशे रुपयांची. डीएचटी अकरा तिचं नाव, शाळेतली पोरंसुद्धा प्रोजेक्टला वापरतात. पाच टक्के इकडंतिकडं सांगते, पण सांगते. दिवसरात्र सांगते, शेजारी कुणी बसलेलं नसतानाही सांगते.

‘तुमची कधी येणार बाजारात?’ व्यापाऱ्यानं सरळ मनानं विचारलं.

‘पेपर आलाय की,’ बापू म्हणाला.

‘पेपर न्हवं हो. वस्तू.’

यावर बापूनं जे उत्तर दिलं तेच मला सगळ्या थिन फिल्मवाल्यांचं उत्तर वाटतं. तो म्हणाला, ‘आता आम्ही त्यात कोबाल्ट घालून बघतोय.’ वस्तू टिकत का नाही, तापमान बदललं तर काय होतं, सहा महिन्यांनी आकडा कुठं सरकतो, हे प्रश्न कंटाळवाणे आहेत. त्यांची उत्तरं शोधायला वर्षं लागतात आणि त्यावर पेपर निघत नाही. कोबाल्ट घातलं की सहा महिन्यांत निघतो. बापूला हे कळत नव्हतं असं नाही. त्याला डिग्री हवी होती, आणि डिग्री देणाऱ्यांना पेपर हवा होता. व्यापाऱ्यानं मान डोलावली, ढेपेला अंगठा लावला आणि म्हणाला, ‘चिकटतोय. ऐंशीच्या वर असंल.’ बापूनं मीटर बघितला. एक्याऐंशी.

पुढच्या वैशाखात इचलकरंजीहून स्थळ आलं. मुलीच्या वडिलांचे यंत्रमाग. आम्ही त्याच्या बाजूचे वडीलधारे म्हणून गेलो. पोहे आले, चहा आला, आणि वडिलांनी विचारलं, ‘आपण नक्की करता काय?’ मी हिच्याकडं बघितलं. हिनं डोळे मिटले. बापूनं खिशातून पट्टी काढली, चिमटे लावले, पोह्यांची बशी सरकवून मल्टिमीटर टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘फुंका.’

वडील मोठ्या मनाचे. त्यांनी फुंकलं. आकडा सरसर खाली आला. ते खूश झाले. उन्हाळ्यात शेडमधली हवा कोरडी पडली की सूत तुटतं, मग फरशीवर पाणी मारत बसावं लागतं. सुती कापडाच्या तपासणीला पासष्ट टक्के आर्द्रता धरतात हे त्यांना बापूइतकंच पाठ होतं. दोघं सुताच्या ओलाव्यावर असे बोलायला लागले की मुलगी बघायला आलो आहोत याचा दोघांनाही विसर पडला.

मुलगी इलेक्ट्रॉनिक्स झालेली. ती इतका वेळ मीटरकडं बघत होती. तिनं विचारलं, ‘मी फुंकू?’ आणि फुंकलं. आकडा खाली आला. मग तिनं पट्टीखाली चहाचा गरम कप धरला, वाफ लागणार नाही असा बशीनं झाकून. आकडा थोडा तरी खाली आलाच.

‘श्वास ओला असतो तसा गरमही असतो ना,’ ती म्हणाली. ‘तुमची फिल्म ओल ओळखते की ऊब?’

बापू गप्प.

‘त्या दीडशेच्या निळ्या डबीतसुद्धा ऊब मोजायला थर्मिस्टर असतो,’ ती म्हणाली. ‘तुम्ही मागं लावला नाही?’

पाच वर्षांत गाईडनं, परीक्षकांनी, कुणीच हे विचारलं नव्हतं. परतीच्या वाटेवर बापू खिडकीबाहेर बघत होता. हातकणंगले गेलं तरी त्यानं आर्द्रता सांगितली नाही. मी घाबरलो. ही म्हणाली, ‘काही झालं नाही त्याला. पडलाय.’ घरी आल्यावर तो थेट वर गेला, आणि रात्री दोन वाजता गच्चीवरून सोल्डरिंगचा वास आला. आठ दिवसांनी त्यानं पट्टीमागं थर्मिस्टर लावलेल्या सेन्सरचा आलेख मुलीकडं पाठवला. पत्रिका, फोटो, काही नाही. फक्त आलेख. तिकडून उत्तर आलं: ‘उतरतानाची रेघ कुठंय?’ याला आमच्यात होकार म्हणतात का, असं हिनं मला विचारलं. मी म्हणालो, याच्यात म्हणत असावेत.

मुहूर्तावरून भटजींशी थोडं झालं. भटजी पहाटेचा काढत होते आणि बापू म्हणत होता की पहाटे आर्द्रता सगळ्यात जास्त, पापड मऊ पडतील. शेवटी सकाळी साडेअकराचा निघाला. अक्षता पडल्या, पापड कडकडीत वाजले, बापूच्या आईनं रेडीच्या दुधाचा खरवस आणला होता. आता ती रेडी म्हैस झाली होती, व्याली होती. मग बायकांनी नवरीला उखाण्याचा आग्रह केला. ती थोडी थांबली आणि म्हणाली:

‘श्रावणात मीठ पाझरतं, माघात ओठ फुटतो,
नुसती फुंकर घातली तरी बापूरावांचा रेझिस्टन्स तुटतो.’

मंडप हसला. आमची ही तर पदर तोंडाला लावून खाली बसली.

‘तुटत न्हाई,’ बापू माईकजवळ पुटपुटला, ‘घटतो. तीन ऑर्डरनं.’

‘तापमान स्थिर असलं तर,’ नवरी म्हणाली.